पिकअप बदलण्याआधी मीटर लावा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांची थरथर विजेत पकडणारा भाग म्हणजे पिकअप. गिटारचा आवाज बसला की दुकानात ठरलेले उत्तर मिळते : ‘चुंबक उतरलंय, पिकअप बदला.’ मुंबई-पुण्यापासून कोल्हापूर, नागपूर, मडगावपर्यंत हे इतक्या सहजपणे सांगितले जाते की नवशिके वादक आणि त्यांचे पालक ते प्रमाण मानतात. चांगल्या परदेशी पिकअपच्या संचाची किंमत पुष्कळदा इथल्या शिकाऊ गिटारपेक्षा जास्त असते. म्हणजे अख्ख्या वाद्याच्या किमतीएवढा खर्च एका न तपासलेल्या समजुतीवर होतो. आम्ही गिटार दुरुस्तीचे आणि पिकअप गुंडाळण्याचे काम करतो. पिकअप खरोखर किती टिकतो, आणि जातो तेव्हा नेमके काय जाते, हे मांडण्यासाठी हे पत्र. ते नेहमीच्या पत्रापेक्षा लांबले आहे, पण आकडे दिल्याशिवाय या विषयात कोणाची खात्री पटत नाही.

पिकअपची रचना साधी आहे. तारांखाली एक चुंबक किंवा चुंबकाच्या सहा कांड्या, आणि भोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजे कॉइल. गिटारची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि कॉइलमध्ये अगदी थोडा विद्युतदाब तयार होतो. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले तत्त्व ते हेच. यात हलणारा, घासला जाणारा एकही भाग नाही. बॅटरी नाही, संपणारे रसायन नाही. मग म्हातारे व्हायचे ते कोणी?

आधी चुंबकाचे पाहू. बहुतेक पारंपरिक पिकअपमध्ये अल्निको असते : ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. या कुळातला पहिला मिश्रधातू जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ साली तयार केला. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अल्निको ५ मध्ये साधारण ८ टक्के ॲल्युमिनियम, १४ टक्के निकेल, २४ टक्के कोबाल्ट, ३ टक्के तांबे आणि बाकी लोखंड असते. नुसता काळ लोटल्यामुळे त्याचे चुंबकत्व किती कमी होते, याचा चुंबक उद्योगात वापरला जाणारा आकडा असा : एक लाख तासांत, म्हणजे सव्वाअकरा वर्षांहून थोड्या अधिक काळात, ३ टक्क्यांहून कमी. तोही चुंबकाचा आकार प्रतिकूल असेल तेव्हाचा. शिवाय ही घट सरळ रेषेत होत नाही. पहिल्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत जेवढी होते, जवळपास तेवढीच पुढे दहाव्यापासून शंभराव्या वर्षापर्यंत. म्हणजे जी व्हायची ती बरीचशी आधीच होऊन जाते.

आता ३ टक्के म्हणजे कानाला किती? पिकअपचा आउटपुट ढोबळमानाने चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात धरला, तर ३ टक्क्यांची घट म्हणजे पाव डेसिबल. कानाला जाणवणारा किमान फरक साधारण एक डेसिबल मानतात. चुंबकत्व १० टक्के कमी झाले तरी घट ०.९ डेसिबल होते, आणि उंचीचा स्क्रू थोडा फिरवून पिकअप तारांच्या जवळ आणला की ती भरून निघते. केवळ वय झाले म्हणून चुंबकापायी पिकअप बदलावा लागला, असे मापाने दाखवता येणारे उदाहरण सापडणे फार कठीण आहे.

फेराइटचे, म्हणजे सिरॅमिक चुंबक तर आणखी हट्टी. उलट क्षेत्राला दाद न देण्याची क्षमता ओर्स्टेडमध्ये मोजतात. अल्निको ५ ची ती सुमारे ६४०, तर फेराइटची दोन-तीन हजार. निओडिमियमची दहा हजारांच्या पुढे असते, पण त्याला उष्णता सोसत नाही. साध्या प्रतीचे निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या वर कायमचे दुबळे होऊ लागते आणि त्यावरचा मुलामा गेला की गंजून पावडर होते. पिकअपमध्ये त्याचा वापर मर्यादित आहे, म्हणून एवढेच.

मग ‘चुंबक उतरते’ हा समज आला कुठून? तो निराधार नाही, फक्त जुना आहे. शाळेतल्या प्रयोगशाळेचा नालचुंबक आपटला, तापवला, टोकांवरची लोखंडी पट्टी न लावता ठेवला की दुबळा होतो, हे आपण सगळेच शिकलो. तो चुंबक पोलादाचा. टंगस्टन पोलादाची वर सांगितलेली क्षमता ७० ओर्स्टेडच्या आसपास, अल्निको ५ च्या जेमतेम नवव्या हिश्शाची. पहिल्या इलेक्ट्रिक गिटारही पोलादी चुंबकाच्याच होत्या. जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये विक्रीला आणलेली ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाइयन गिटार, तिच्यात तारांना वरून-खालून कवेत घेणारे दोन नालाकृती चुंबक होते. त्या पिढीतली वाद्ये आज खरोखर दुबळी सापडतात आणि त्यांचे चुंबक पुन्हा भरावे लागतात. त्या पोलादाबद्दलचे खरे निरीक्षण पुढे अल्निकोलाही चिकटले, आणि अल्निको येऊन नव्वद वर्षे उलटली तरी सुटलेले नाही.

अल्निकोला काहीच होत नाही, असेही नाही. त्याला वयाने काही होत नाही, दुसऱ्या चुंबकाने होते. ६४० ओर्स्टेड ही क्षमता बेतासबात आहे. निओडिमियमचा एखादा तुकडा पिकअपच्या कांडीला उलट्या ध्रुवाने चिकटवला तर क्षणात निम्मे चुंबकत्व जाऊ शकते. सुटे पिकअप एकाच डब्यात समान ध्रुव समोरासमोर येतील असे टाकून ठेवणे, गिटारचे तोंड मोठ्या स्पीकरच्या चुंबकाला टेकवून उभी करणे, सुटे स्क्रू धरून ठेवणारी चुंबकी थाळी गिटारवर ठेवणे, ही खरी कारणे. आणखी एक कारण कारागिरांनी ध्यानात घ्यावे : पिस्तुलाच्या आकाराची ट्रान्सफॉर्मरवाली सोल्डरिंग गन. तिच्या टोकातून प्रचंड प्रत्यावर्ती प्रवाह जातो आणि खटका दाबताना-सोडताना जवळच्या अल्निकोचे चुंबकत्व उडते. पिकअपवर काम करताना पेन्सिलीसारखी साधी सोल्डरिंग आयर्नच वापरावी. तिच्या उष्णतेची चुंबकाला भीती नाही. अल्निको ५ चे चुंबकत्व पूर्ण नाहीसे व्हायला ८५०-८६० अंश तापमान लागते आणि सोल्डर ३५०-४०० अंशांत होतो. उष्णता वाईट आहे ती प्लॅस्टिकच्या बॉबिनला (तार गुंडाळायच्या रिळाला) आणि आतल्या तारेला.

चुंबक खरेच उतरले असेल तर ते पुन्हा भरता येते, आणि हे काम पिकअप बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. निओडिमियमचे दोन जाड ठोकळे लाकडी चौकटीत किंवा व्हाइसमध्ये विरुद्ध ध्रुव समोरासमोर येतील असे पक्के बसवतात. मधे पिकअपची उंची मावेल एवढीच जागा ठेवतात. कव्हर काढलेला पिकअप त्या फटीतून सरळ आत नेतात आणि तिरका न करता सरळ बाहेर काढतात. बस्स. पण आधी होकायंत्राने ध्रुव तपासलाच पाहिजे. सुईचे उत्तर टोक कांडीकडे ओढले गेले तर तिथे दक्षिण ध्रुव आहे. पुष्कळ स्ट्रॅट पद्धतीच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारख्या, तीन पिकअपच्या) गिटारींत मधला पिकअप उलट्या ध्रुवाचा आणि उलट्या वेढ्यांचा असतो, म्हणून स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी, दोन पिकअप एकत्र वाजतात तेव्हा, गुणगुण कमी होते. तो चुकीच्या दिशेने भरला तर गुणगुण तशीच कमी राहते, पण दोन पिकअप एकमेकांचा आवाज खाऊ लागतात आणि स्वर पोकळ, नाकात येतो. ठोकळे हाताळताना बोटे सांभाळावीत. असे दोन ठोकळे एकमेकांवर आदळले तर मधले बोट चिरडते.

आता मुख्य आरोपीकडे येऊ. पिकअप जातो तो तारेमुळे. स्ट्रॅटोकास्टरसारख्या पिकअपमधली तार अमेरिकन मापाने ४२ एडब्ल्यूजी, म्हणजे ०.०६३५ मिलिमीटर व्यासाची. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या नेककडच्या (मानेकडच्या) पिकअपची ४३ एडब्ल्यूजी, सुमारे ०.०५६ मिलिमीटर. या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे, एकूण लांबी एक किलोमीटरहून अधिक. त्या किलोमीटरभरात एका ठिकाणी जरी तार तुटली, तरी पिकअप संपला.

आणि ती तुटते कुठे? बहुतेक वेळा कॉइलच्या पोटात तुटत नाही. पिकअप उलटा करून भिंगाखाली धरा. तळाच्या पट्टीवर पितळेची दोन छोटी छिद्रे दिसतील. कॉइलच्या कडेवरून निघालेली ती बारीक तार पट्टीच्या काठाला वळसा घालून या छिद्रांत सोल्डर केलेली असते. हे पाच-सात मिलिमीटर अंतर तार उघडी असते. कव्हर काढताना लागलेले नख, पिकअप फिरवताना दाबलेला अंगठा, सोल्डर करताना जाड वायरीला बसलेला ओढा, एवढ्याने ती तुटते. तुटलेले टोक बाहेरच्या वेढ्याचे असेल तर दुरुस्ती पंधरा मिनिटांची. एक-दोन वेढे सोडवायचे, टोक साफ करायचे, पुन्हा सोल्डर करायचे. आठ हजारांतले दोन वेढे गेल्याने आवाजात काडीचा फरक पडत नाही. तुटलेले टोक आतल्या, सुरुवातीच्या वेढ्याचे असेल तर मात्र पुन्हा गुंडाळण्याशिवाय गत्यंतर नसते.

टोक साफ करण्यातही पद्धत आहे. नव्या तारांवर बहुधा पॉलियुरेथेनचा लेप असतो; तो तापलेल्या आयर्नने आपोआप जळतो. जुन्या, जांभळट तपकिरी रंगाच्या साध्या इनॅमलचा लेप मात्र बारीक पॉलिश पेपरच्या घडीत धरून हलक्या हाताने घासावा लागतो. फेंडरने १९६४ च्या सुमारास फॉर्मवारचा मधाच्या रंगाचा लेप सोडून हे साधे इनॅमल घेतले, म्हणून जुन्या वाद्यात रंग पाहूनच पद्धत ठरवावी. लेप न काढता केलेला सोल्डर वरून चकचकीत दिसतो आणि आत जोड झालेलाच नसतो.

दुसरी मोठी चूक वादक स्वतः करतात. कांड्या खालीवर आहेत, एखादी तार मोठी वाजते, म्हणून कांडी अंगठ्याने दाबून खाली बसवायची. हंबकरमध्ये, म्हणजे गुणगुण मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपमध्ये, पोलपीस (तारांखालची धातूची टोके) हे स्क्रू असतात, ते फिरवावेत. त्यासाठीच ते आहेत. पण फेंडर पद्धतीच्या पिकअपमध्ये कॉइल थेट त्या कांड्यांवर गुंडाळलेली असते. कांडी सरकली की तिला चिकटलेला आतला वेढा तुटतो. तिसरी तार मोठी वाजण्याचे कारणही वेगळेच आहे. त्या उंच-सखल कांड्या वरून बारीक तार गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसाठी ठरवलेल्या होत्या आणि आज आपण तिथे साधी तार लावतो. उपाय पिकअपचा कल बदलण्यात आहे.

कोकण किनारा, गोवा आणि मुंबई इथल्या वादकांनी आणखी एका शत्रूकडे लक्ष द्यावे : घाम आणि खारी हवा. ब्रिजकडच्या (घोडीकडच्या) पिकअपवर तळहात टेकतो. घामातले मीठ कव्हरच्या छिद्रांतून कांड्यांच्या काठाने आत उतरते. अल्निकोत निम्मे लोखंड आहे, ते गंजते आणि फुगते. गंजाचे कण तारेचा लेप भेदतात, खाऱ्या ओलाव्यात उघड्या तांब्यावर हिरवा थर चढतो आणि शेवटी तार खाल्ली जाते. प्लॅस्टिक बॉबिनवर गुंडाळलेल्या हंबकरमध्ये मधे भिंत असल्याने हा प्रकार कमी. उपाय खर्चाचा नाही. वाजवून झाल्यावर तारांबरोबर पोलपीसची टोकेही कोरड्या सुती कापडाने पुसा. पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगण्यापेक्षा केसमध्ये ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. त्या दर काही आठवड्यांनी तापवून कोरड्या करा. पिकअपखाली स्पंजचा तुकडा असेल तर काढून टाका. तो ओलावा धरून ठेवतो आणि काही वर्षांत चिकट भुगा होतो. त्याजागी स्प्रिंग किंवा रबरी नळीचे तुकडे बसवा. फ्रेट चमकवायला स्टील वूल वापरत असाल तर पिकअपवर आधी मास्किंग टेप लावा. त्याचे तंतू पोलपीसला चिकटतात, कव्हरखाली शिरतात आणि खरखर सुरू होते. चिकटलेच तर टेपने एकेक टिपून काढावेत. फुंकर मारल्याने ते आणखी आत जातात.

ॲम्पचा आवाज वाढवल्यावर पिकअप शिट्टी घालू लागला, तर तेही चुंबकाचे दुखणे नाही. कॉइलचे वेढे सैल झाले की ते स्वतः थरथरतात आणि पिकअप मायक्रोफोनसारखा वागतो. टेलिकास्टरच्या ब्रिजकडच्या पिकअपखालची पत्रा-पट्टी सुटली तरी हेच होते. यावर मेण भरतात : चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचे मेण. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ते वितळवायचे, थेट ज्योतीवर कधीही नाही. मेण पेट घेते. थर्मामीटर लावून ६० ते ६५ अंश राखायचे, पिकअप बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटे, ठेवायचा. ७० च्या वर जाऊ नये, कारण बॉबिन वाकडे होते. हंबकरच्या जुन्या बॉबिनचे ब्युटिरेट प्लॅस्टिक तर फार लवकर मऊ पडते. याच कारणाने मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवू नये. चुंबकाला काही होणार नाही, पण आतले मेण वितळून जागा सोडते.

पिकअप ठीक आहे की नाही, हे गिटार न उघडता कळते. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. केबल गिटारला लावा, दुसऱ्या टोकाच्या प्लगचे टोक आणि त्याची बाही यांना मीटरच्या काड्या लावा, मीटर २० किलोओहमवर ठेवा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा आणि स्विचने एकेक पिकअप निवडा. सिंगल कॉइल ५.५ ते ७ किलोओहम दाखवतो. जुन्या धाटणीचा हंबकर ७ ते ९, जास्त वेढ्यांचा चौदा-पंधराच्या पुढेही. स्विच मधल्या जागी असेल तर दोन पिकअप समांतर जोडले जातात आणि आकडा निम्मा, म्हणजे सुमारे ३ येतो. तो दोष नव्हे. व्हॉल्यूमचा २५० किलोओहमचा पॉटही (बटणाखालचा बदलता रोध) जोडलेला असल्याने ६.०० चा पिकअप ५.८६ दिसतो, हेही स्वाभाविक.

आकडा अनंताकडे गेला, किंवा मीटर मोठ्या मापावर ठेवल्यास फक्त पॉटचे २५० दिसले, तर तार तुटली आहे. तरीही बारीक, पत्र्यासारखा आवाज येऊ शकतो, कारण तुटलेल्या टोकांमधून उच्च स्वर झिरपतात. ‘चुंबक उतरलंय’ हे निदान सर्वाधिक वेळा याच आवाजावरून केले जाते. आकडा नेहमीपेक्षा बराच कमी आला, आणि आवाज बोथट झाला, तर काही वेढे आपसांत शॉर्ट झाले आहेत. थोडेच वेढे शॉर्ट असतील तर ओहमचा आकडा फारसा हलत नाही. तिथे इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला कॉइल किती विरोध करते ते, मोजावा लागतो. निरोगी स्ट्रॅट पिकअप सव्वादोन ते पावणेतीन हेन्री दाखवतो, शॉर्ट झालेला त्याहून बराच कमी. आकडा उड्या मारत असेल, सकाळी पिकअप चालत असेल आणि दुपारी बंद पडत असेल, तर जोड कुठेतरी नुसता टेकलेला आहे आणि उन्हाने सरकतो.

इथे एक सावधगिरी. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांवर ६.०० किलोओहम असलेला पिकअप नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंशांवर जवळपास ६.६ दाखवील. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात घेतलेले आकडे जुळत नाहीत म्हणून पिकअप खराब ठरवणाऱ्यांनी तापमानही टिपून ठेवावे. चुंबक मोजायला मोबाइलवरची ॲप वापरू नयेत. फोनमधला सेन्सर पृथ्वीच्या क्षेत्रासाठी, म्हणजे अर्ध्या गॉसच्या आसपासच्या मापासाठी बनवलेला असतो. अल्निको ५ च्या कांडीच्या टोकाशी हजार गॉसच्या आसपास क्षेत्र असते, ते त्याच्या आवाक्याबाहेरचे. गॉसमीटर नसेल तर छोट्या सुईचे होकायंत्र आणि सहाही कांड्यांची आपसांतली तुलना पुरेशी आहे.

मीटर लावण्याच्याही आधी तारा बदलून पाहाव्यात. निकेलच्या तारा घामाने काही आठवड्यांत मरतात, आणि दोष चुंबकाला मिळतो : चोर सोडून संन्याशाला फाशी. मग केबल. तिची धारकता मीटरमागे शंभर पिकोफॅरडच्या घरात असते. तीन मीटरची केबल काढून नऊ मीटरची लावली की उच्च स्वर कमी होणारच. मग जॅक, स्विच आणि पॉट. शेवटी उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पाहिले असता सिंगल कॉइल जाड तारेपासून २.४ आणि पातळ तारेपासून २ मिलिमीटर खाली असावा, हंबकर दोन्हीकडे १.६. आवाज कमी वाटतो म्हणून सिंगल कॉइल याहून वर चढवला तर चुंबक तारांना ओढू लागतो, वरच्या फ्रेटवर स्वर डळमळतो आणि गिटार सुरात लागत नाही. मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणे) बिघडल्याची तक्रार घेऊन लोक येतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

‘जुन्या पिकअपचा गोडवा चुंबक वयाने मऊ झाल्यामुळे येतो’ हा दावाही याच समजुतीची दुसरी बाजू आहे, आणि त्यावर महाग माल विकला जातो. गिब्सन कंपनीच्या ज्या हंबकरचे सर्वाधिक कौतुक होते, तो सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये घडवला. पेटंट १९५९ मध्ये मिळाले. त्या काळात हातात येईल त्या प्रतीचे अल्निको वापरले जाई आणि वेढे मोजून थांबण्याची शिस्त कडक नव्हती, म्हणून एकाच वर्षाचे दोन पिकअप ७ आणि ९ किलोओहमचे सापडतात. त्यांचा आवाज वेगळा आहे तो जन्मापासून. मुद्दाम थोडे उतरवलेले नवे चुंबक कोणाला आवडत असतील तर जरूर घ्यावेत. आवड ही आवड आहे. पण ते काम काळाने केलेले नाही, कारखान्यात केलेले आहे, हे विक्रेत्याने सांगावे.

बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपची गोष्ट निराळी. त्यांत छोटा प्रवर्धक असतो आणि सगळे इपॉक्सीत बंद, म्हणून आतला भाग गेला की दुरुस्ती नाही. पण त्यांच्याही बहुतेक तक्रारी ९ व्होल्टच्या बॅटरीपाशी संपतात. केबल गिटारला लावून ठेवली की बॅटरी चालूच राहते, हे विसरले जाते.

गणपतीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या विजेवरच्या बेंजोच्या पिकअपलाही वरचे सगळे लागू आहे, फक्त तिथे पाऊस थेट आत जातो. भिजलेला पिकअप उन्हात किंवा केस वाळवण्याच्या यंत्रासमोर धरू नये. कव्हर काढून पंख्याखाली दोन दिवस ठेवावा आणि पूर्ण वाळल्यावरच मीटर लावावा.

शेवटी पुन्हा गुंडाळण्याबद्दल, कारण आपल्याकडे इथेच हमखास फसगत होते. परदेशी तक्त्यात ४२ नंबर लिहिलेला असतो तो एडब्ल्यूजीचा. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा कोणत्याही मोटार-वायंडिंगच्या दुकानात ४२ नंबर मागितला तर एसडब्ल्यूजीची, म्हणजे ब्रिटिश मापाची, ०.१०२ मिलिमीटरची तार मिळते. तिचे छेदक्षेत्र अडीचपट. बॉबिनवर तीन हजार वेढे बसतानाच मारामार. हवी असते ती ४६ एसडब्ल्यूजी, ०.०६१ मिलिमीटर. तितकेच वेढे घातले तर रोध सुमारे ८ टक्के जास्त, म्हणजे ६.० च्या जागी ६.५ दिसेल. वेढे बरोबर असतील तर ते चालते. आकडा जुळवण्यासाठी वेढे कमी करू नयेत, कारण आवाज ठरतो तो मुख्यतः वेढ्यांवर. चांगला कारागीर मूळ तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजतो, गुंडाळण्याची दिशा लिहून ठेवतो आणि मगच जुनी कॉइल कापतो.

दुकानदारांना आमची विनंती आहे की पिकअप बदलायला सांगण्याआधी मीटरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवावा आणि तो बिलावर लिहावा. वादकांना विनंती, की बदलावाच लागला तर जुना पिकअप दुकानात सोडून येऊ नका. कॉइल मेलेली असली तरी चुंबक, बॉबिन, तळपट्टी आणि जर्मन सिल्व्हरचे कव्हर शाबूत असते, आणि पुन्हा गुंडाळायला तेवढे पुरते.

आपले,
गिटार दुरुस्ती व पिकअप वायंडिंगचे काम करणारे वाचक